गाणं पुरं कोण करतं? झाडीपट्टीतल्या गाण्यांचा एक इतिहास

(भंडारा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी सोबत एक वही आणली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानदार उधारी मांडायला ठेवत तसली. ही माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. ते लाखनी तालुक्यात धानाची शेती करायचे आणि खडी गंमतीच्या पार्टीत शाहीर होते. फार मोठे शाहीर नव्हते. चार-पाच गावांपुरतं नाव होतं, बस.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे गाणी वाचण्याआधी वहीची मांडणी पाहिली. पहिल्या भागात प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली आहे, कुठल्या जुन्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. खाली गावाचं नाव आणि मंडईचा दिवस. शेवटच्या कडव्यात मोठ्या बाबांचं स्वतःचं नाव गुंफलेलं. ही सगळी गाणी पुरी आहेत. वहीच्या मध्यापुढे मात्र चित्र बदलतं. कुठे दोन ओळी, कुठे पाच, कुठे नुसतं धृपद आणि खाली कोरं पान. डोक्यावर चाल नाही, खाली गाव नाही. घरी विचारलं तेव्हा कळलं, पार्टी मोडली त्याच सुमारास हे सुरू झालं.

आधी मला वाटलं, वय झालं असेल, सुचत नसेल. पण त्या अर्धवट ओळींमधल्या काही आधीच्या पुऱ्या गाण्यांपेक्षा सरस आहेत. शिवाय नंतरच्या पानांत दोन गाणी पुरी झालेली आहेत. एक पुतणीच्या लग्नातलं आणि एक गावातल्या भजनी मंडळासाठी केलेलं. म्हणजे सुचणं थांबलं नव्हतं. दुसरंच काहीतरी कमी पडत होतं. ते काय, हा आजचा विषय.

तोरणाखालची झडती

सुरुवात अगदी लहान गाण्यापासून करू. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या ऐकल्या आहेत, काहींनी म्हटल्याही असतील. झडतीची सुरुवात ठरलेली: गौरा-पार्वतीला नमन. शेवटही ठरलेला: महादेवाच्या नावाचा गजर, आणि तो सगळ्या गावानं करायचा. मधल्या दोन-चार ओळी तेवढ्या आपल्या. तिथे धानाचा भाव येतो, सावकार येतो, यंदाची निवडणूक येते, गावातला एखादा कंजूष माणूसही सुटत नाही.

आता बघा, झडती म्हणणाऱ्याला सुरुवात शोधावी लागत नाही, शेवटही शोधावा लागत नाही. त्याचं काम मधलं. आणि गजर कधी करायचा हे समोरच्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी आधीच छाती भरून श्वास घेतलेला असतो. शंभर माणसं श्वास धरून उभी असताना 'थोडं थांबा, यमक जुळत नाही' असं म्हणायची सोय नसते. (श्रोत्यांत हशा) जुळो न जुळो, झडती पुरी होते.

झडती दरवर्षी नवी असते. ती म्हणणारा शेतकरी स्वतःला कवी म्हणवत नाही. तरीही त्याची रचना अर्धवट राहिली असं मी ऐकलेलं नाही. दोन गोष्टी त्याच्या बाजूनं असतात. एक ठरलेला साचा, आणि दुसरी म्हणजे वाट पाहणारी माणसं. या दोन गोष्टी घेऊन आपण मागे जाऊ.

रिद्धपूरचं लग्न

सुमारे साडेसातशे वर्षं मागे. फार लांबही नाही, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. महानुभाव पंथाशी आपल्या भंडाऱ्याचंही जुनं नातं आहे. चक्रधरस्वामींच्या पहिल्या शिष्यांपैकी एक नीळभट भांडारेकार, 'लीळाचरित्रा'त त्यांची ओळखच आपल्या गावाच्या नावानं आहे.

रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत. त्यांचं वागणं लहान मुलासारखं, लहरी. एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी ती मोडून काढली नाही, लग्नाचा थाट मांडला. आता लग्न म्हटलं की गाणी आलीच. तिथे महदाइसा होती. आपण जिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो ती महदंबा. तिनं धवळे गायले. धवळे म्हणजे वराला उद्देशून गायची लग्नगीतं. विषय घेतला श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या लग्नाचा. रुक्मिणी म्हणजे आपल्याच विदर्भाची लेक, कौंडिण्यपूरची.

साहित्याच्या पुस्तकांत इथे आपण 'पहिली कवयित्री' एवढं वाचून पुढे जातो. जरा थांबून, त्या क्षणी तिच्या हातात काय काय तयार होतं ते मोजू. गीताचा प्रकार तयार होता, बायका लग्नात धवळे गातच होत्या. कथा तयार होती, पुढे काय घडणार ते तिला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यांनाही. प्रसंग तयार होता, वर समोर बसलेला. आणि उद्या गाते म्हणायची सोय नव्हती, लग्न आज होतं. एवढं सगळं जमून आल्यावर तिच्या वाट्याला आले ते शब्द. ते तिनं असे रचले की आजही अभ्यासक त्यावर लिहितात.

धवळ्यांचे दोन भाग आहेत. पूर्वार्ध त्या प्रसंगातला आणि उत्तरार्ध नंतरचा. उत्तरार्ध पुरा होताना पंथातल्या इतरांचीही मदत झाली, असं परंपरा सांगते. प्रसंग सरला की एकटीनं पुढं नेणं अवघड जातं आणि सोबतीची गरज लागते, असा मी त्याचा अर्थ लावतो. तो माझा अंदाज आहे, तेवढाच घ्या.

महदाइसेची दुसरी रचना 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर'. मातृका म्हणजे वर्णमाला. यातल्या ओव्या वर्णमालेतल्या अक्षरांच्या क्रमानं सुरू होतात. आज कुणी म्हणेल, हे तर बंधन झालं, कवीला मोकळीक हवी. पण क्रम ठरला की पुढची ओवी कुठून सुरू करायची हा प्रश्न सुटतो. आणि अक्षरं संपली की रचना संपते, उगाच लांबत नाही. संस्कृत पंडितांच्या सभेत समस्यापूर्ती असे. एक चरण दिलेला, त्याला बाकीचा श्लोक जोडायचा. उर्दू मुशायऱ्यात तरही ओळ देतात, तिच्याच वजनात आणि काफियात सगळ्यांनी गझल रचायची. जगात जिथे जिथे माणसांनी भरपूर गाणी केली, तिथे कुणीतरी आधी कुंपण घातलेलं दिसतं.

जात्याच्या दोन बाजू

आता धवळ्याची गरीब बहीण, जात्यावरची ओवी. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी कित्येक वर्षं या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ज्या बायकांना शाळा ठाऊक नव्हती त्यांनी रचलेल्या, पुढे दिलेल्या आणि बदललेल्या या ओव्या आहेत. आज त्यांतल्या पुष्कळ इंटरनेटवर ऐकायला मिळतात.

एवढ्या ओव्या कशा झाल्या? माझी मोठी आई दळायची तेव्हा मी लहान होतो, पण एक गोष्ट लक्षात आहे. जात्याला दोघी बसायच्या. एकीनं पहिली ओळ म्हटली की दुसरी तीच ओळ परत म्हणायची. मला वाटायचं, हिला स्वतःचं काही येत नाही म्हणून ही त्याच ओळी म्हणते. फार नंतर कळलं की ती वेळ देत होती. दुसरी तीच ओळ म्हणत असते तेवढ्यात पहिलीला पुढची सुचते. जातं फिरतच असतं, मूठभर दाणे पडतच असतात, ओळ अडली तरी सूर अडत नाही. आणि एखादीची ओवी अडलीच, तर समोरची पुढचा शब्द पुरवते. मग ती ओवी दोघींची.

हे 'वेळ देणं' लक्षात ठेवा. कारण माझ्या मते शाहिरीचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

खडी गंमत

आपल्याकडे, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि नागपूरच्या पूर्वेकडचा भाग, खाली चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, खडी गंमत आणि दंडार हे रात्रीचे खेळ. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी सांगतो, आमची मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा जत्रा, गोवारी नाच, लेकी-जावयांची ये-जा. रात्री खेळ.

खडी गंमत, म्हणजे उभ्यानं करायची गंमत. शाहीर, बायकांचे कपडे घालून नाचणारे नाच्ये पुरुष, ढोलकी, तुणतुणं, झांज आणि मागे झील धरणारे. आधी गण, मग गवळण, मग लावण्या, बतावणी, पुढे वग. हा क्रम शाहिरानं बांधायचा नसतो, तो वाडवडिलांनी बांधून ठेवलेला. त्यामुळे नव्या शाहिराला 'आता काय लिहू' हा प्रश्न पडत नाही. त्याला प्रश्न पडतो तो 'यंदाच्या मंडईला गवळण नवी करू की जुनीच चालवू'. हा प्रश्न फार लहान आहे, आणि लहान प्रश्नाचं उत्तर माणूस देऊ शकतो.

मग येते झील. शाहीर कडवं म्हणतो, मागचे धृपद उचलतात, दोनदा-तीनदा घोळवतात. ऐकणाऱ्याला तो नुसता ठेका वाटतो. मोठे बाबा म्हणायचे, 'झील चालू हाये तोपर्यंत शाहिराले श्वास हाये.' तेवढ्या वेळात पुढचं कडवं आठवायचं, नसलं तर जुळवायचं. म्हणजे जात्यावरच्या दुसऱ्या बाईचं काम इथे चौघं मिळून करतात.

आणि या सगळ्याच्या वर, समोर दुसरी पार्टी. दुय्यम खडी गंमत. तुरा आणि कलगी ही शाहिरांची दोन जुनी घराणी. तुरेवाले शिवाला थोर म्हणणारे, कलगीवाले शक्तीला. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, बहुधा पुराणातला एखादा खोडसाळ कोडंवजा प्रश्न. दुसऱ्यानं आपली पाळी आली की गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर उद्या चार गावांत बोभाटा. मोठ्या बाबांच्या पार्टीत एक माणूस गात नव्हता आणि वाजवतही नव्हता. त्याचं काम एकच, 'हरिविजय' आणि इतर पोथ्या पाठ असणं. सवाल आला की तो मागून कानात कथा सांगायचा आणि मोठे बाबा तिला चालीत बसवायचे. आता सांगा, तो जवाब कुणी रचला?

पेशवाईतल्या शाहिरांत होनाजी बाळा हे नाव आपण एका दमात घेतो, एकच माणूस असल्यासारखं. ते दोघे होते. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. लोकांनी दोन्ही नावं जोडून टाकली, आणि ते योग्यच केलं.

पार्टी मोडल्यावर मी मोठ्या बाबांना एकदा विचारलं होतं, आता का लिहीत नाही. ते म्हणाले, 'अरे, सामने कोनी उभाच नसन, तं जवाब कोनाले देऊ?' तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचं रडगाणं वाटलं. आज वाटतं, एवढ्या थोड्या शब्दांत मला माझा विषय कुणी सांगितला नसता.

नावाचं कडवं

शेवटाबद्दल थोडं. आपल्या संतांच्या अभंगांत, शाहिरांच्या कवनांत शेवटी नाममुद्रा असते. आपण ती सही समजतो. ती सही आहेच, पण ती दाराची कडीही आहे. नाव आलं की गाणं संपलं, हे गाणाऱ्यालाही कळतं आणि टाळ धरणाऱ्यालाही.

याचं आपल्या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्म, 1968 साली निधन. खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरले. मराठी आणि हिंदीतून त्यांनी भजनं रचली आणि शेवटी 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' हे नाव. त्यांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. गुरुदेव सेवा मंडळांमार्फत गावोगावी सामुदायिक प्रार्थना आणि भजन रुजलं. गाणं रचलं की ते म्हणणारी मंडळी गावात बसलेलीच असत, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. मोठ्या बाबांच्या वहीतलं ते एक उशिराचं पुरं गाणं अशाच भजनी मंडळासाठी झालं. पार्टी गेली होती, पण गुरुवारची बैठक शिल्लक होती.

झाडीपट्टीची रंगभूमीही असंच चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं होतात. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की असं काही आहे. तिथे गाणं लिहिणाऱ्याला प्रयोगाची तारीख आधी मिळते आणि गाणं नंतर सुचतं.

दुसरी बाजू

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुरं झालेलं गाणं चांगलं असतंच असं नाही. मोठ्या बाबांच्या वहीतली बहुतेक पुरी गाणी साधारण आहेत. त्याच त्या उपमा, त्याच त्या यमकांच्या जोड्या. चाल ठरली की शब्दही ओळखीच्या वाटेनं चालू लागतात. समाजाचं ऐकून रचलं तर समाजाला आवडतं तेवढंच रचलं जाण्याची भीती असते. बायकांची टिंगल करणारी बतावणी मंडपात हमखास हशा मिळवायची, म्हणून ती लिहिली गेली. वहीतली तसली पानं मी कुणाला वाचून दाखवत नाही.

तरीही मी पुऱ्या गाण्यांच्या बाजूनं उभा आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीची चळवळ उभी केली, तेव्हापासून आपल्या बोलीत लिहिणारी मुलं-मुली वाढल्या. मला ती भेटतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ओळी असतात, सुरेख ओळी असतात, आणि जवळजवळ सगळ्या अर्धवट. ती मला विचारतात, 'सर, गाणं पुरं होत नाही, काय वाचू?' मी सांगतो, वाचू नका. एक चाल ठरवा, एक दिवस ठरवा, आणि त्या दिवशी झील धरायला चार माणसं बोलवा.

मागच्या वर्षी मी स्वतः हे करून पाहिलं. वहीतलं एक अर्धं गाणं घेतलं. धृपद आणि पाच ओळी, धान कापणीवर. आमच्या गावात दंडार करणारी काही पोरं अजून आहेत, त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, ते अर्थ विचारतील. पहिला प्रश्न आला, 'चाल कोणती?' वहीत चाल नव्हतीच. एक अख्खी संध्याकाळ चाल ठरवण्यात गेली. दुसऱ्या दिवशी ढोलकीवाला म्हणाला, तिसरी ओळ लांब आहे, सम चुकते. ती ओळ सगळ्यांत सुंदर होती, मी अडून बसलो. तो म्हणाला, तुम्ही म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवली. सम चुकली. (हशा) ओळ काढावी लागली. दोन कडवी पोरांनी जोडली, एक माझ्या बायकोनं सुचवलं. शेवटी नाव कुणाचं घालायचं यावर वाद झाला. पोरं म्हणाली, गाणं मोठ्या बाबांचं, नाव त्यांचंच. मी म्हटलं, त्यांनी ही कडवी पाहिलीसुद्धा नाहीत, मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे का? ढोलकीवाला म्हणाला, 'सर, ते जिवंत असताना तरी सगळे शब्द त्यांचेच होते का?'

पोथ्या पाठ असलेला तो माणूस मला आठवला. मी गप्प बसलो. नाव मोठ्या बाबांचं घातलं. मंडईच्या रात्री गाणं म्हटलं गेलं. बरं झालं, फार ग्रेट नाही. पण पुढच्या गावच्या पोरांनी त्याला जवाब तयार केला आहे असं ऐकतो.

ती काढलेली ओळ मी वहीत तशीच ठेवली आहे. पुढची मंडई दिवाळीनंतर आहे. तुमच्यापैकी कुणाला ती ओळ हवी असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटा, पण चाल घेऊन या.